शिरेतून दिलेले अन्न



इस्पितळात आजाऱ्यास भेटावयास गेलेल्या माणसाच्या दृष्टीस प्रथम पडते ती खाटेशेजारच्या दांडीला उलटी टांगलेली बाटली. आणि तिच्यातून थेंब थेंब उतरणारा द्रव पाहून, ‘तोंडाने काही जात नसले तरी सलाईन चालू आहे ना, मग काळजी नाही,’ असे मनाचे समाधान करून तो घरी परततो. हे समाधान किती निराधार आहे, हे शस्त्रवैद्याच्या व्यवसायात मी वारंवार पाहिले असल्यामुळे आज त्याच विषयावर आपल्याशी बोलावयाचे आहे.

सलाईन म्हणजे मिठाचे पाणी. स्कॉटलंडमधील लीथ येथे १८३२ च्या पटकीच्या साथीत डॉ. थॉमस लाटा यांनी मरणासन्न रोग्यांच्या शिरांतून क्षारयुक्त पाणी सोडले, तेव्हापासून या पाण्याने अगणित प्राण वाचविले आहेत. परंतु ते वाचविले तहानेपासून, भुकेपासून नव्हे. लिटरभर सलाईनमध्ये ९ ग्रॅम मीठ असते आणि उष्मांक एकही नसतो. ग्लुकोजच्या नेहमीच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर, म्हणजे लहान चमच्याने पाच-सहा चमचे. तिचे उष्मांक शंभरही भरत नाहीत. ज्वारीची एक बेताची भाकरी तिच्याहून अधिक देते. पन्नास किलो वजनाच्या रोग्यास दिवसाकाठी सुमारे १,२५० उष्मांक हवेत असे धरले, तर अशा चौदा-पंधरा बाटल्या, म्हणजे सात लिटरांहून अधिक पाणी त्याच्या शिरांत ओतावे लागेल, आणि इतके करूनही प्रथिनांचा एक कणही त्याला मिळणार नाही. अशक्तपणा वाटतो म्हणून ‘एक बाटली लावा’ असा आग्रह धरणाऱ्या आपल्याकडील मंडळींनी हा हिशेब एकदा स्वतः मांडून पाहावा.

मग साखर दाट करून का देऊ नये? कारण हातापायांच्या बारीक शिरांना दाट द्रव सोसत नाही. त्या सुजतात, लाल होतात, बंद पडतात. पेनसिल्व्हानिया विद्यापीठात जोनाथन ऱ्होड्स यांच्या हाताखाली शिकणारे तरुण शस्त्रवैद्य स्टॅनली डड्रिक यांना, शस्त्रक्रिया निर्दोष होऊनही रोगी दगावतात ते पोषणाअभावी, ही गोष्ट इतकी जिव्हारी लागली, की त्यांनी कित्येक वर्षे याच प्रश्नाचा पिच्छा पुरविला. हासळीच्या हाडाखालून नळी घालून तिचे टोक हृदयालगतच्या महाशिरेत नेऊन ठेवले, तर तेथून मिनिटाला लिटर-दोन लिटर रक्त वाहत असल्यामुळे कितीही दाट द्रव तत्काळ पातळ होतो, या विचारावर त्यांनी बीगल जातीच्या कुत्र्याची पिले केवळ शिरेतून पोसली, आणि ती तोंडाने खाणाऱ्या आपल्या भावंडांप्रमाणेच वाढली. पुढे १९६७ मध्ये फिलाडेल्फियाच्या बाल-रुग्णालयात, जिचे आतडे जन्मतःच जवळजवळ नव्हते, अशा एका नवजात बालिकेवर हा उपाय झाला. तिचे वजन वाढले, उंची वाढली, डोक्याचा घेर वाढला. ती पुढे फार काळ जगली नाही. परंतु अन्ननलिकेतून घासही न जाता मनुष्यदेह वाढू शकतो, हे तिच्या वाढीने सिद्ध झाले, आणि आज जी मुले या उपायाने जगतात त्यांच्यावर तिचे ऋण आहे.

स्निग्धांशाचा प्रश्न त्याआधीच स्वीडनमध्ये सुटला होता. तेल शिरेत जसेच्या तसे सोडले तर फुप्फुसातील सूक्ष्म वाहिन्या तुंबून मृत्यू ओढवेल. म्हणून आर्विद व्रेटलिंड यांनी सोयाबीनचे तेल अंड्याच्या बलकातील द्रव्यांच्या साहाय्याने अतिसूक्ष्म कणांत फोडून दुधासारखे पांढरे मिश्रण सिद्ध केले. साखर, हे तेल, अमिनो आम्ले, क्षार आणि जीवनसत्त्वे मिळून जे बनते ते खरे शिरेतून दिलेले अन्न.

मात्र ते वापरण्यास धाडस नव्हे, सावधगिरी लागते. नळीच्या तोंडाशी स्वच्छतेचा बंदोबस्त किंचित ढिला पडला तरी जंतू थेट रक्तात शिरतात. दीर्घकाळ हे अन्न चालले तर यकृत बिघडू शकते. आणि बरेच दिवस उपाशी असलेल्यास एकदम भरपूर पोषण दिले, तर रक्तातील फॉस्फेट घसरून हृदय बंद पडू शकते. म्हणून आतडे चालत असेल तर अन्न आतड्यातूनच द्यावे, हा आमचा पहिला नियम. येथे मात्र नातलगांची समजूत आड येते. अन्नासाठी नाकातून पोटात घातलेली नळी पाहिली की ‘आता शेवट जवळ आला’ असे त्यांना वाटते आणि ते तिला नकार देतात. हाताला लावलेली बाटली मात्र त्यांना आशेची खूण वाटते. वस्तुतः नाकातील त्या नळीवाटे भाताची पेज, दूध, वरणाचे पाणी यांपासून खास तयार केलेल्या आहारापर्यंत बरेच काही पोटात जाते, आणि तेही अल्प खर्चात. आतडे फाटले आहे, तुंबले आहे किंवा कापून फारच थोडे उरले आहे, अशा रोग्यासाठी शिरेचा मार्ग राखून ठेवावा. तेथे तो प्राणदाता आहे आणि त्याला पर्याय नाही.

आपले माणूस खाटेवर असेल, तर बाटली चालू आहे की नाही एवढेच पाहून परतू नका. त्याच्या पोटात अन्न जाऊन किती दिवस झाले, हे मोजा. आणि पाच-सात दिवस लोटले असतील, तर त्याच्या पोषणाची तजवीज काय केली आहे, असे डॉक्टरांना निःसंकोच विचारा.