विहारातली मांजर
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



वंदनेच्या वेळी पायाशी येऊन बसणारी मांजर आपण सर्वच पाहतो. कोणी म्हणाले, पोत्यात घाला, नदीपलीकडे सोडून या. बंधूंनो, उपासमार होईल अशा ठिकाणी जनावर टाकणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

मग करायचे काय? माणसाला एवढा लळा लावणारी मांजर बहुधा कुणाची तरी असते. म्हणून आधी गल्लोगल्ली विचारू, फळ्यावर लिहू. आठवडाभरात धनी भेटला नाही, तर डॉक्टरांकडे नेऊन रेबीजची लस टोचू, ऑपरेशन करून घेऊ. नाहीतर वर्षभरात पिलांचा प्रश्न पुन्हा दारात. खर्च वर्गणीतून करू.

घर मात्र घाईने ठरवू नका. घरातल्या सर्वांची संमती आहे का? भाड्याची खोली असेल तर मालक चालवून घेईल का? पुणे महापालिकेने 2022 साली मांजरांच्या नोंदणीचा निर्णय घेतला, तेही ध्यानात ठेवा.

माझी आई म्हणते, "रोज दूध घालतोस, मग घरी का नाही आणत?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. करुणेवर बोलणे सोपे आहे. धनी न भेटल्यास मांजर माझ्या घरी येईल.

नमो बुद्धाय! जय भीम!