मूठभर, पण मनापासून

दिवसभराची कामं उरकून तुम्ही रेडिओजवळ बसलात, बरं वाटलं. आज आपला विषय आहे देवाला देणं. आमच्या बचत गटात सगळ्या धर्मांच्या बाया आहेत. आज बोलणाऱ्या आम्ही तिघी मात्र ख्रिस्ती घरांतल्या, म्हणून देण्याविषयी बायबलमध्ये काय सांगितलंय ते आम्ही आमच्या परीनं सांगू. तुमचा देव कोणताही असो, घरातली ओढाताण सगळ्या बायांची सारखीच असते. त्यामुळे यातलं काही ना काही तुमच्याही कामी येईल.

आमच्याकडे दर रविवारी उपासनेत अर्पणाची थैली फिरते. काही घरं मिळकतीचा दहावा भाग, म्हणजे दशांश, बाजूला काढतात. शिवाय कापणीचा सण असतो. त्या दिवशी शेतातलं पहिलं पीक देवापुढं आणायचं. कुणी ज्वारी आणतं, कुणी बाजरी, कुणी भोपळा, कुणी गावठी अंडी, कुणी कोंबडी. उपासना झाली की या सगळ्याचा लिलाव होतो आणि पैसे मंडळीच्या कामाला जातात. एकेका अंड्यावर बोली चढते, हसणं-खिदळणं होतं. मोठा आनंदाचा दिवस असतो.

पण याच आनंदाच्या दिवसांत आमच्या गटापुढं एक अवघड प्रश्न आला. एका बाईनं गटाकडे पाच हजार रुपयांचं कर्ज मागितलं. कशाला, तर सणात अर्पण द्यायला. आदल्या वर्षी जावेनं मोठी रक्कम दिली होती, सगळ्यांसमोर तिचं नाव वाचलं गेलं होतं. या बाईच्या घरी त्या साली कांद्याला भाव मिळाला नव्हता, पोराची फी राहिली होती. तरी तिला वाटत होतं, आपण कमी दिलं तर देवाला काय वाटेल? आणि खरं सांगायचं तर, लोकांना काय वाटेल?

गटात दोन तट पडले. काही म्हणाल्या, देवाचं काम आहे, नाही कसं म्हणायचं? काही म्हणाल्या, व्याज देव भरणार आहे का? शेवटी ठरलं, आधी बायबल उघडून बघू, मग ठरवू. आम्ही तीन बैठका हेच वाचत बसलो.

पहिली गोष्ट वाचली ती त्या गरीब विधवेची. मार्क आणि लूक या दोन्ही शुभवर्तमानांत ती आहे. यरुशलेमच्या मंदिरात येशू दानपेट्यांसमोर बसला होता. तिथं तेरा पेट्या होत्या आणि त्यांची तोंडं कर्ण्यासारखी होती, असं जुन्या यहुदी ग्रंथांत सांगितलंय. श्रीमंत माणसं येऊन भरपूर पैसे टाकत होती. तेवढ्यात एक विधवा आली आणि तिनं तांब्याची दोन बारीक नाणी टाकली. येशूनं शिष्यांना जवळ बोलावून सांगितलं की हिनं सगळ्यांपेक्षा जास्त दिलं. बाकीच्यांनी उरलेल्यातून दिलं, हिनं होतं नव्हतं ते दिलं.

ती दोन नाणी म्हणजे किती, याचा आम्ही हिशेब केला. तेव्हा मजुराला दिवसाला एक दिनार मिळायचा. ही दोन नाणी मिळून त्या दिनाराचा चौसष्टावा भाग होतो. आज खुरपणीची मजुरी ३२० रुपये धरली, तर तिचं दान झालं ५ रुपये. येशूनं तिच्या हातातून काय पडलं ते मोजलं नाही, हातात मागं काय उरलं ते मोजलं. देवाचं माप हे असं उलटं आहे.

इथं एक गंमत सांगायला हवी. 'आमची आपली विधवेची दमडी' असं म्हणत पाच-दहा रुपये टाकणारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. हातात सोन्याच्या पाटल्या, दारात ट्रॅक्टर, आणि तोंडी विधवेची दमडी! पण तिची दमडी ही तिची सगळी कमाई होती. ज्याच्या कणगीत दहा पोती आहेत त्यानं चिपटंभर देऊन तिचं नाव घेऊ नये. थोडकं देणं वाईट नाही, पण असून हात आखडणं आणि नसताना थोडकं देणं यांत मोठा फरक आहे.

मग आमच्यातल्या एकीनं विचारलं, 'म्हणजे आपणही घरातलं सगळं देऊन टाकायचं का?' चांगला प्रश्न होता. म्हणून आम्ही त्या गोष्टीच्या आधीच्या ओळी वाचल्या. त्याच वेळी, त्याच मंदिरात, येशूनं लोकांना शास्त्र्यांपासून सावध राहायला सांगितलं होतं. लांब झगे घालून मिरवणारे, मानाच्या जागा धरणारे, लांबलचक प्रार्थना करणारे हे लोक विधवांची घरं गिळतात, असं त्यानं स्पष्ट बजावलं होतं. आणि लगेच पुढं ती विधवा येते.

दशांशाचा जुना नियमही आम्ही काढून बघितला. मोशेच्या नियमशास्त्रात लिहिलंय की दर तिसऱ्या वर्षाचा दशांश गावातच साठवायचा आणि त्यातून लेवी, परके, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर जेवायचं. म्हणजे दशांश विधवेकडून ओरबाडायला नव्हता, तिच्या पोटात घास जावा म्हणून होता. हे कळलं तेव्हा आम्हाला तिचं मन आणखी मोठं वाटलं. कुणी तिच्यावर जबरदस्ती केली नव्हती, कुणी तिचं नाव पुकारणार नव्हतं. तिनं आपलं आपण ठरवून दिलं. पण म्हणून कुणी दुसऱ्या गरीब बाईला 'तूही तसंच दे' असं सांगायचा हक्क कुणालाच मिळत नाही.

दुसरं आम्ही वाचलं ते पौलाचं. यरुशलेमच्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी पौल ठिकठिकाणच्या मंडळ्यांकडून मदत गोळा करत होता. इ. स. ५५ च्या सुमारास त्यानं करिंथ शहरातल्या मंडळीला पत्रं लिहिली. त्यात त्यानं सांगितलेली रीत ऐकून आम्ही एकमेकींकडे बघायला लागलो. तो सांगतो की प्रत्येकानं आठवड्याच्या पहिल्या दिवशी, मिळकतीप्रमाणे, थोडं थोडं घरी बाजूला ठेवावं, म्हणजे ऐन वेळी धावपळ नको. मैत्रिणींनो, ही आपल्या बचत गटाचीच रीत झाली की!

पुढं तो म्हणतो की देणाऱ्यापाशी जे आहे त्यावरून देणगी मान्य होते, जे नाही त्यावरून नव्हे. दुसऱ्यांना सुख आणि तुम्हाला ओढाताण, असंही त्याला नको आहे. प्रत्येकानं मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, कुरकुरत नको, कुणाच्या दबावाखाली नको. देवाला आनंदानं देणारा आवडतो. शिवाय गोळा झालेला पैसा पौल एकटा घेऊन जात नाही. मंडळ्यांनी निवडलेली भरवशाची माणसं तो बरोबर घेतो, कुणी बोट दाखवू नये म्हणून. देवाच्या पैशालासुद्धा दोन साक्षीदार आणि चोख हिशेब लागतो. देणारीनं मोकळ्या मनानं द्यावं आणि घेणाऱ्यानं उघड्या वहीनं घ्यावं.

तिसरी गोष्ट खोटेपणाची. हनन्या आणि सप्पीरा या नवराबायकोनं जमीन विकली, थोडे पैसे मागं ठेवले आणि 'सगळे दिले' असं दाखवलं. पेत्रानं त्यांना विचारलं की जमीन तुमची होती, पैसे तुमचे होते, मग हे खोटं कशाला? दोघं एकामागून एक तिथंच मरून पडली. लहानपणी ही गोष्ट ऐकून आम्हाला वाटायचं, कमी दिलं म्हणून त्यांना शिक्षा झाली. नीट वाचलं तर तसं नाही. पैसे ठेवून घ्यायला त्यांना मोकळीक होती. दोष होता तो नसलेलं मन दाखवण्याचा.

येशू तर म्हणतो, दान करताना उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नका. वेदीपाशी अर्पण घेऊन आलात आणि आठवलं की भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथंच ठेवा, आधी समेट करा, मग या. 'हे देवाला वाहिलंय' असं म्हणून म्हाताऱ्या आईबापांना उपाशी ठेवणाऱ्यांनाही त्यानं फटकारलंय. म्हणजे सासूबाईंची औषधं थांबवून, पोराची फी बुडवून, बहिणीशी अबोला धरून दिलेलं देवाला गोड लागत नाही.

मग जिच्या हातात पैसाच नाही तिनं काय द्यावं? खेड्यातल्या कितीतरी बाया राबतात, पण पैसा नवऱ्याच्या खिशात जातो. याचं उत्तर आम्हाला दोन ठिकाणी मिळालं. एक म्हणजे यापो गावची टबीथा, जिला दुर्कस असंही म्हणत. ती विधवांसाठी कपडे शिवायची. ती वारली तेव्हा गावातल्या विधवा रडत रडत पेत्राला तिनं केलेले झगे आणि वस्त्रं दाखवत होत्या. पेत्रानं प्रार्थना केली आणि ती उठून बसली, असं प्रेषितांच्या कृत्यांत लिहिलंय. तिनं थैलीत किती टाकलं याची नोंद कुठंच नाही. तिच्या सुईदोऱ्याची मात्र आहे.

दुसरं उत्तर आपल्याच देशातलं. पार पूर्वेला, म्यानमारच्या सीमेला लागून मिझोराम राज्य आहे. तिथं प्रेस्बिटेरियन मंडळीत 'बुहफाई थाम' नावाची चाल आहे, म्हणजे मूठभर तांदूळ. १९१० च्या सुमारास, खासी डोंगरातल्या ख्रिस्ती बायांचं पाहून, मिझो बायांनी ती सुरू केली. भात शिजवायला घेताना आधी एक मूठ तांदूळ वेगळ्या भांड्यात काढायचे, सकाळी एक मूठ, संध्याकाळी एक मूठ. मंडळीतल्या बाया घरोघर फिरून ते गोळा करतात, विकतात आणि पैसे मंडळीच्या कामाला देतात. सुरुवातीला त्यातून गावोगाव फिरून बायांना शिकवणाऱ्या सेविकांचा खर्च चाले.

तेव्हा तो भाग फार गरीब होता. १९११-१२ मध्ये तर तिथं बांबू फुलला, उंदीर माजले, पिकं गेली आणि दुष्काळ पडला. तरी ही चाल मोडली नाही. आज शंभराहून जास्त वर्षं झाली, त्या मुठीमुठीतून वर्षाला कोट्यवधी रुपये उभे राहतात. तिथल्या लोकांचं म्हणणं असं, की आपल्याला रोज खायला काही आहे, तोवर देवाला रोज द्यायलाही काही आहे. यात कुणाचं नाव पुकारलं जात नाही. श्रीमंताघरची मूठ आणि गरिबाघरची मूठ एकाच टोपलीत पडते. आणि पोरं उपाशी राहत नाहीत, कारण मूठभर कमी झाल्यानं भात संपत नाही.

इतकं वाचून झाल्यावर आम्ही निर्णय घेतला. गटाच्या वहीत आता एक नियम लिहिला आहे: दुखणं, शाळा, शेती, धंदा यांसाठी कर्ज मिळेल, अर्पणासाठी मिळणार नाही. त्या बाईला वाईट वाटलं, दोन दिवस ती बोलली नाही. मग तिनंच स्वयंपाकघरात एक डबा ठेवला आणि रोज भाकरीचं पीठ काढताना मूठभर ज्वारी त्यात टाकायला लागली. सणाच्या दिवशी तिनं तीच ज्वारी नेली. पोराची फीही वेळेवर भरली गेली. तिच्या चेहऱ्यावर ओझं नव्हतं, एवढं आम्ही पाहिलं.

मैत्रिणींनो, देण्याआधी स्वतःला चार गोष्टी विचाराव्यात असं आम्हाला वाटतं. हे माझं आहे, की उसनं आणलेलं? मी मनानं देते आहे, की लोकलाजेनं? यानं घरातल्या कुणाच्या तोंडचा घास जातो आहे का? आणि मला जास्त देता येत असताना मी हात तर आखडत नाही ना? चौथा प्रश्न विसरू नका, कारण पहिले तीन आपल्या सोयीचे आहेत, चौथा नाही. आणि ज्यांच्या हाती देवाची पेटी आहे त्यांना आमची हात जोडून विनंती: रकमांची यादी वाचू नका, हिशेब मात्र वाचा.

आज बैठकीत यावर बोला. तुमच्याकडे मूठभर धान्य काढायची चाल असेल, तिचं काय होतं, कुणाच्या पोटी जातं, ते आम्हाला कळवा. पुढच्या वेळी ते सगळ्यांना ऐकवू. येतो आम्ही. नमस्कार.