ताळा घेतल्याशिवाय उत्तर नाही
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा मला तीन अटी घातल्या गेल्या. कॉम्प्युटरवर बोल, सगळ्यांना कळेल असं बोल, आणि जेवणाच्या आधी संपव. पहिल्या दोन अटी एकत्र पाळता येतील की नाही ते बघू. तिसरी नक्की पाळतो, कारण पुरणपोळीचा वास मलाही येतोय.

तुमच्यापैकी बरेच जण कुठे कुठे पोचलेत. मी सांगलीतच राहिलो. गेली पस्तीस वर्षं व्यापाऱ्यांसाठी हिशेबाचे प्रोग्राम लिहितो. हळदीची, गुळाची, बेदाण्याची दुकानं, किराण्याचे घाऊक व्यापारी, दोन-चार पतसंस्था. शेतकऱ्याचा माल विकला की वजन, भाव, हमाली, तोलाई आणि आधी घेतलेली उचल मांडून जी पट्टी त्याच्या हातात पडते, ती माझ्या प्रोग्राममधून निघते. बायको म्हणते, तुमचं काम म्हणजे दुसऱ्यांच्या पैशाचे आकडे रात्री जागून जुळवायचे. बरोबर आहे तिचं.

या कामाचं शिक्षण मला कॉम्प्युटरच्या वर्गात मिळालं असं लोकांना वाटतं. तिथे कमांड शिकलो. काम शिकलो ते आपल्या गणिताच्या सरांकडे. समोर बसलेत म्हणून सांगत नाही. आठवतंय ना, उत्तर बरोबर आलं तरी शेजारी ताळा नसेल तर सर अर्धा मार्क कापायचे. आपण कुरकुर करायचो, "सर, उत्तर बरोबर आहे की!" सर म्हणायचे, "ते तुला कसं कळलं?" हा प्रश्न मी विसरलो, आणि एकदा तो मला फार महागात पडला. आज तेच सांगणार आहे.

थोडी पार्श्वभूमी. मी सुरुवात केली ती डीबेस थ्री प्लसवर. हे डीबेस मूळ लिहिलं वेन रॅटलिफ नावाच्या अमेरिकन माणसाने. अंतराळयानांशी संबंधित प्रयोगशाळेत कामाला होता, पण प्रोग्राम लिहायला घेतला तो ऑफिसातल्या फुटबॉलच्या पैजा जिंकायला! बाजारात पहिलं आलं ते डीबेस टू. डीबेस वन कधी नव्हतंच. कंपनीचं नाव ॲश्टन-टेट, त्यात टेट होते, ॲश्टन कुणीच नव्हता. अशा गमतीशीर पायावर आपल्याकडच्या हजारो दुकानांचे हिशेब उभे राहिले. पुढे फॉक्सप्रो आलं, तेच काम कितीतरी वेगात करणारं. १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती कंपनी विकत घेतली आणि पुढे व्हिज्युअल फॉक्सप्रो आलं. मी त्यावरच पोट भरलं.

आता ती चूक. साल २००८. हळदीचे एक व्यापारी, वयाने माझ्यापेक्षा बरेच मोठे. मी त्यांना अण्णा म्हणायचो. त्यांच्या दुकानात मी रोज रात्री आपोआप बॅकअप होईल अशी सोय केली होती. एक छोटी बॅच फाइल होती. ती सगळी टेबलं म्हणजे डीबीएफ फाइली आणि त्यांचे इंडेक्स पेन ड्राइव्हवर उतरवायची आणि शेवटी पडद्यावर लिहायची, "बॅकअप पूर्ण". दिवाणजी ते वाचून दिवा मालवायचे.

मध्ये अण्णांनी एक सुधारणा मागितली. प्रत्येक उचलीपुढे शेरा लिहायला जागा हवी. "मुलीच्या लग्नासाठी दिले, पुढच्या हंगामात फेड", "रक्कम धाकट्या भावाच्या हातात दिली", असं. मी मेमो फील्ड घातलं. फॉक्सप्रोमध्ये मेमोचा मजकूर टेबलात राहत नाही, शेजारी वेगळ्या एफपीटी फाइलमध्ये राहतो. प्रोग्राम मी बदलला. बॅच फाइलमध्ये एक ओळ वाढवायची राहिली. चौदा महिने रोज रात्री "बॅकअप पूर्ण" उमटत होतं आणि बॅकअप अपुरा होत होता. ती ओळ पडद्यावर लिहायला मीच सांगितलं होतं. खरंच पूर्ण झालं का, हे ती तपासत नव्हती, आणि मीही नाही.

मग ऐन हंगामात हार्ड डिस्क गेली. मी रुबाबात नवी डिस्क टाकली, पेन ड्राइव्ह लावला, प्रोग्राम सुरू केला. संदेश आला की मेमो फाइल सापडत नाही. उचलीचं टेबल उघडेचना. मी रिकामी एफपीटी फाइल बनवून शेजारी ठेवली, तेव्हा ते उघडलं. आकडे सगळे परत मिळाले. शेरे एकही नाही.

पैसे कुणाच्या हातात दिले, कशासाठी, कधी फेडायचे ठरलं, हे सगळं त्या शेऱ्यांत होतं. पुढचे दहा-बारा दिवस अण्णा एकेका शेतकऱ्याला फोन करत होते, "तुमच्या लक्षात काय आहे ते सांगा." मी शेजारी बसून टाइप करत होतो. बहुतेकांनी खरं ते सांगितलं. दोन ठिकाणी वाद झाला. दोन्ही रकमा अण्णांनी सोडून दिल्या. मी भरून देतो म्हटलं, तर घेतले नाहीत. मला काही बोललेही नाहीत. फक्त त्या दिवशी चहा सांगितला नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा. मी बाहेर आलो, स्कूटरला किक मारली आणि मला सरांचा आवाज ऐकू आला, "ते तुला कसं कळलं?"

तेव्हापासून एक नियम केला. महिन्याच्या पहिल्या शनिवारी प्रत्येक दुकानाचा बॅकअप मी दुसऱ्या मशीनवर उतरवतो, प्रोग्राम उघडतो आणि तीन गोष्टी दुकानातल्या मशीनशी जुळवतो. एकूण नोंदी किती, जमा आणि नावे बाजूची बेरीज किती, शेवटच्या पावतीचा नंबर कोणता. शिवाय एखादी जुनी पट्टी उघडून शेऱ्यासकट वाचतो. दुकानामागे वीस मिनिटं लागतात. हा माझा ताळा. परत उतरवून बघितला नाही तोपर्यंत मी त्याला बॅकअप म्हणत नाही.

दुसरा नियम आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत असतो आणि फार थोडे पाळतात. प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी. दुसऱ्या जागी म्हणजे दुसऱ्या टेबलावर नव्हे. गणपती पेठेतले माझे एक ग्राहक हसायचे, "दुकानाची चोपडी दुकानाबाहेर कशाला?" मी ऐकलं नाही. एक प्रत त्यांच्या पुण्याच्या मुलीकडे जायला लागली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये काय झालं ते इथे कुणाला सांगायला नको. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं. धोक्याची पातळी ४५. दुकानात कॉम्प्युटर होता, कपाटात बॅकअपची डिस्क होती, दोन्ही चिखलात गेलं. पाणी उतरल्यावर मुलीकडून प्रत आली. माझ्या लॅपटॉपवर ती उतरवली आणि चिखल उपसत असतानाच त्यांच्या हातात येण्या-देण्याची यादी छापून दिली. त्यांनी यादी बघितली आणि खुर्ची नव्हती म्हणून पोत्यावर बसले. तिथे मात्र चहा मिळाला, शेजारच्या गाड्यावरून.

आता तुमच्या कामाच्या चार गोष्टी. इथे दुकानदार आहेत, डॉक्टर आहेत, कारखानदार आहेत, आणि निदान तिघे असे आहेत की ज्यांची मुलं हेच काम करतात.

पहिली. विंडोज १० ला मिळणारे नेहमीचे सुरक्षा-अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव मुदत घेता येते, पण ती मुदतच आहे. मशीन बंद पडणार नाही, म्हणून लोक निर्धास्त राहतात. भिंतीला भोक पडलं तरी घर उभंच असतं, तसं आहे ते. ज्यांच्याकडे अजून डॉसमधला जुना प्रोग्राम चालतो, त्यांनी विशेष ऐका. विंडोज ११ फक्त ६४ बिटची आहे, त्यावर तो सरळ चालणार नाही. नवं मशीन घेण्याआधी जुन्या प्रोग्रामची सोय लावा, नंतर नाही.

दुसरी. बॅकअपची डिस्क कायम मशीनला लावून ठेवू नका. फायलींना कुलूप घालून खंडणी मागणारा व्हायरस आला तर लावलेल्या डिस्कलाही कुलूप घालतो. कॉपी झाली की काढा आणि कपाटात ठेवा. आणि वीज जाते तिथे यूपीएस हवाच, बॅटरी जिवंत असलेला. फॉक्सप्रोच्या इंडेक्सचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे नोंद लिहिली जात असताना गेलेली वीज.

तिसरी, कारागीर मंडळींसाठी. बदलणारी गोष्ट प्रोग्राममध्ये कोरून ठेवू नका. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा माझ्या प्रोग्राममध्ये कराचे दर ठिकठिकाणी लिहिलेले होते. महिनाभर झोप नव्हती. तेव्हा दरांचं वेगळं टेबल केलं. वस्तू, दर, आणि कोणत्या तारखेपासून. २२ सप्टेंबर २०२५ ला १२ आणि २८ टक्क्यांतल्या बहुतेक वस्तू ५ आणि १८ मध्ये गेल्या, तेव्हा मी फक्त नव्या ओळी भरल्या. जुन्या पावत्या जुन्याच दराने निघतात, नव्या नव्या दराने. त्या रात्री मी दहाला झोपलो. आणि ज्यांची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे त्यांनी आपल्या हिशेबनिसाला विचारा. १ एप्रिल २०२३ पासून कंपनीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कुठली नोंद कधी बदलली याची खूण राहिली पाहिजे, आणि ती सोय बंद करता येता कामा नये.

चौथी माझी स्वतःची. व्हिज्युअल फॉक्सप्रोची पुढची आवृत्ती येणार नाही, हे मायक्रोसॉफ्टने २००७ मध्येच सांगितलं. नववी आवृत्ती शेवटची, आणि तिचा आधारही जानेवारी २०१५ मध्ये संपला. तरी ती अजून चालते, म्हणून मीही चालढकल करत राहिलो. एका टेबलाला दोन जीबीची मर्यादा आहे, ती आमच्या एका ग्राहकाने जवळजवळ गाठली तेव्हा जाग आली. आता डेटा पोस्टग्रेसवर आणि काहींचा एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेसवर हलवतोय. दोन्ही फुकट आहेत. एक्सप्रेसची मर्यादा आजवर १० जीबी होती, २०२५ च्या आवृत्तीत ती ५० झाली. लहान दुकानाला जन्मभर पुरेल.

पण खरी जाग वेगळ्याच कारणाने आली. गेल्या वर्षी माझ्या हृदयात स्टेंट बसवला. दवाखान्यात पडल्या पडल्या हिशेब केला. प्रोग्राम कुठे ठेवलाय, पासवर्ड काय, कुठल्या दुकानात काय वेगळं आहे, हे फक्त माझ्या डोक्यात. सगळ्या दुकानांच्या तीन-तीन प्रती, आणि माझी एकच! घरी आल्यावर पहिलं काम केलं ते वही घालण्याचं. साधी दोनशे पानी, प्रत्येक ग्राहकाला दोन पानं. आता आपल्याच शाळेतून गेलेली एक मुलगी माझ्याकडे काम शिकते. मागच्या महिन्यात मी मुद्दाम फोन बंद ठेवला आणि तिला त्या वहीवरून एक दुकान उभं करायला सांगितलं. तिने केलं, आणि वहीतल्या सात चुका काढून दाखवल्या. तुमच्यापैकी ज्यांचा धंदा एका माणसाच्या डोक्यात आहे, आणि तो माणूस तुम्ही स्वतः असाल, त्यांनी आज घरी जाऊन वही घालावी.

शेवटचं. या स्मरणिकेतली आपल्या वर्गाची यादी करायचं काम माझ्याकडे होतं. शाळेने जुना हजेरीपट बघू दिला. बाईंचं तेच वळणदार अक्षर. नावं बावन्न. आपली चार माणसं आता नाहीत. संगणकात यादी भरताना कुणीतरी सहज म्हणालं, ती नावं डिलीट कर.

आमच्या फॉक्सप्रोत डिलीट म्हटलं की नोंद पुसली जात नाही. तिच्या सुरुवातीच्या जागेत फक्त एक तारा उमटतो. नोंद तिथेच राहते. पॅक ही वेगळी कमांड दिली तरच ती कायमची जाते. मी त्या चौघांच्या नावापुढे तारा केला आहे, आणि पॅक केलेलं नाही. यादीत अजून बावन्नच नोंदी आहेत. ताळा घेतलाय सर, हजेरीपटाशी जुळतो.

यादीची एक प्रत शाळेत आहे, एक माझ्याकडे, एक पुण्याच्या मित्राकडे. पत्ते आणि फोन बदलले की कळवा. पुढच्या वर्षी पहिल्या शनिवारी पुन्हा जुळवून बघेन.

चला, जेवायला.