पडवीतील बुलेट

यंत्रशाळेशी माझा कधीही संबंध आलेला नाही. बेळगावातील एका शाळेत तीस वर्षे शास्त्र शिकविले, फळ्यावर इंजिनाची आकृती काढून शोषण, दाब, स्फोट आणि उत्सर्जन या चार क्रिया मुलांकडून घोकून घेतल्या. परंतु प्रत्यक्ष इंजिनाचा एक बोल्टही मी स्वतः कधी सोडविला नव्हता. अशा मनुष्याने वयाच्या एकसष्टाव्या वर्षी मोटारसायकल खोलावी आणि ती आपल्या आवडीप्रमाणे पुन्हा घडवावी, हे धाडसच म्हणावयाचे.

गाडी वडिलांची. 1984 सालची 350 सीसीची बुलेट. सत्तर मिलिमीटर व्यासाचे सिलिंडर आणि नव्वद मिलिमीटरची धाव. गणित केल्यास 346 घनसेंटिमीटर येतात, ही माझी मास्तरकीची खोड. 2010 साली वडील वारले आणि गाडी पडवीत गोणपाटाखाली उभी राहिली. 2021 साली थोरल्या बंधूंचा मुलगा इंजिनियरिंगच्या सुटीत घरी आला आणि म्हणाला, "काका, हिची कॅफे रेसर करू या." हातात लोखंड कापावयाचा ग्राइंडर होताच.

हा कॅफे रेसर प्रकार काय, ते मला त्याच्याकडूनच कळले. महायुद्धानंतरच्या काळात इंग्लंडातील तरुण आपल्या साध्या गाड्यांचे अनावश्यक भाग काढून, हँडल खाली घेऊन, आसन मागे सरकवून त्या वेगवान करीत आणि लंडनच्या एस कॅफेसारख्या उपाहारगृहापासून शर्यती लावीत. कोणी नॉर्टनच्या सांगाड्यात ट्रायम्फचे इंजिन बसवी. पुढे 1964 साली रॉयल एन्फील्डने त्याच धाटणीची 250 सीसीची गाडी कारखान्यातूनच काढली. न्यूझीलंडच्या बर्ट मन्रो यांची कथा तर याहून अद्भुत. 1920 साली घेतलेली इंडियन स्काउट त्यांनी जन्मभर आपल्या शेडमध्ये सुधारली, पिस्टन स्वतः ओतले, आणि 1967 साली अमेरिकेच्या बॉनव्हिल येथील मिठाच्या मैदानावर तिच्यावर जागतिक विक्रम केला. पुतण्याने ही कथा मला उत्साह यावा म्हणून सांगितली. मला मात्र त्यातील सत्तेचाळीस वर्षेच तेवढी दिसली.

पहिला वाद सांगाड्यावरून झाला. आसनाखाली मागे गेलेला भाग कापून आखूड करावा, हा त्याचा बेत. मी आधी कायदा पाहिला. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52. नोंदणीपुस्तकातील तपशील निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलाहून वेगळे ठरतील असा फेरबदल मालकास करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच स्पष्ट केले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा फेरबदलास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, असे ठरले. कायदा सोडला तरी खड्ड्यात आदळणारे दोन माणसांचे वजन त्याच लोखंडावर येते, आणि घरातील नवशिक्याची वेल्डिंग वरून कितीही गुळगुळीत दिसली तरी आतून धरली आहे की नाही, हे रस्त्यावरच कळते. तेव्हा ठरले ते असे: जे नटबोल्टाने सुटते तेवढेच बदलावयाचे आणि सुटलेला प्रत्येक भाग जपून ठेवावयाचा. ग्राइंडर मी माझ्या कपाटात ठेवला.

दुसरी अट मी घातली ती अशी की, काहीही बदलण्यापूर्वी गाडी आहे त्या रूपात चालू झाली पाहिजे. पुतण्यास ती कंटाळवाणी वाटली. परंतु बदललेली गाडी चालू झाली नाही, तर दोष जुना की आपण केलेला, हे कोणी सांगावे? बिस्किटांच्या रिकाम्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवून आम्ही एकेक भाग सोडविला, सोडविण्यापूर्वी छायाचित्र घेतले. टाकीतील गंज काढण्यात चार दिवस गेले. कार्ब्युरेटरचे जेट चिकट झालेल्या पेट्रोलने बुजले होते. काँटॅक्ट पॉइंट काळवंडले होते. ते साफ करून पत्तीने अंतर लावले. मग वडील करीत तसेच केले. चावी फिरवावी, किक हळूहळू दाबीत अँमीटरचा काटा पाहावा, दाब लागला की डीकॉम्प्रेसर दाबून पिस्टन किंचित पुढे न्यावा, आणि मग एकच पूर्ण किक. नवव्या किकेस गाडी बोलली. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, काही न बोलता उभी राहिली आणि परत आत गेली.

बदलांपैकी हँडलचे काम सोपे वाटले होते. पुतण्यास फोर्कच्या नळ्यांवर बसणारी दोन खालची हँडले हवी होती. परंतु बुलेटचा दिवा ज्या ओतीव खोक्यात बसतो, तेच खोके नळ्यांना वरून धरून ठेवते. ते काढावयाचे तर वरचे जोडकाम सारेच बदलावे लागते. आम्ही त्याच जागी साधे, सरळ, कमी उंचीचे हँडल बसविले. त्यासाठी उद्यमबागेतील एका लेथवाल्याकडून दोन बुश करून आणले. हँडल खाली आल्याने केबली लांब झाल्या, त्या आम्ही हौसेने आवळून बांधल्या. आणि हँडल डावीकडे पूर्ण वळविताच इंजिनाचा आवाज आपोआप चढू लागला. थ्रॉटलची केबल ताणली जात होती. गल्लीच्या वळणावर हे कळले असते तर? तेव्हापासून गाडी स्टँडवर चालू ठेवून हँडल दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहिल्यावाचून आम्ही बाहेर पडलो नाही.

सायलेन्सरला हात लावला नाही. पोकळ सायलेन्सरने शेजाऱ्यांची झोप जाते ती जातेच, शिवाय धूर मोकळा सुटू लागला की जेटचा मेळही नव्याने बसवावा लागतो.

सर्वांत मोठी चूक मात्र माझी. साखळीचे चेन-लॉक मी स्वतः बसविले होते. त्यावरील माशासारखी चिमटी असते, तिचे मिटलेले टोक साखळी ज्या दिशेस धावते त्या दिशेस असावे लागते. मी उलटे बसविले. खानापूर रस्त्यावर वीस किलोमीटर जाऊन आल्यावर तेल देताना पाहतो, तर चिमटी कोठेच नाही; बाजूची पट्टी केवळ घट्टपणामुळे टिकून होती. साखळी सुटून मागच्या चाकात गुंतली असती, आणि मागे पुतण्या बसला होता. त्या रात्री मला झोप लागली नाही. बंधूंना ही गोष्ट अद्याप सांगितलेली नाही. आता या भाषणाने कळेल.

राहिले आसन. पुतण्याने एकट्याचे, मागे उंचवटा असलेले आसन करवून आणले आणि साडीची जाळीही काढून टाकली. दिसत होते झोकदार. आईने पाहिले आणि विचारले, "मग मी कुठे बसायचं?"

नोंदणीपुस्तकात आसने दोन आहेत, मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारी जाळी नियमानेच आवश्यक आहे, ही सारी उत्तरे माझ्याजवळ होती. त्यांची गरज पडली नाही. पुतण्याने स्वतःच सीटवाल्याकडे जाऊन सपाट, सलग, दोघांचे आसन शिवून आणले, जाळी आणि पायदान डब्यांतून शोधून परत बसविले. हेल्मेटवरून आईशी बराच वाद झाला. अखेर ते घालून, एका बाजूस पाय सोडून, ती कपिलेश्वराच्या देवळापर्यंत नातवाच्या मागे बसून गेली. मी सायकलवरून मागोमाग होतो. माझी नजर साखळीवर होती.