तेलाचे दर आणि दोषाचा निवाडा



१९७३ च्या ऑक्टोबरात पश्चिम आशियात युद्ध पेटले आणि पिंपामागे तीन डॉलरांच्या आसपास असलेला खनिज तेलाचा जाहीर दर आखाती राष्ट्रांनी प्रथम पाचांवर व नववर्षारंभी साडेअकरांवर नेला, तेव्हा अमेरिकेत पेट्रोल पंपांपुढे मोटारींच्या रांगा लागल्या. आणि एक्झॉन या बड्या अमेरिकी तेल कंपनीचा त्या वर्षाचा नफा दीडपटीहून अधिक झाल्याचे प्रसिद्ध होताच लोकक्षोभाला आपला अपराधी सापडला.

हा क्षोभ स्वाभाविक होता. परंतु दर वाढविणारा कोण आणि वाढीचा लाभ घेणारा कोण, हे दोन प्रश्न निरनिराळे आहेत. दर ठरविण्याचे सामर्थ्य उत्पादक राष्ट्रांच्या हाती गेले, कारण अमेरिकेचे स्वतःचे उत्पादन १९७० नंतर उतरणीस लागले होते आणि मागणी मात्र वाढतच होती. शिवाय १९६० साली तेल कंपन्यांनी या राष्ट्रांना न विचारता दर उतरविले, त्या अवमानातूनच बगदादेस ओपेक या तेल निर्यातदार राष्ट्रांच्या संघटनेची स्थापना झाली होती.

कंपन्यांचा दोष निराळा, पण तोही खरा. जुन्या दराने घेऊन साठविलेले तेल नव्या दराने विकून जो लाभ पदरी पडला, त्यामागे त्यांचा विशेष उद्यम नव्हता. आणि भूगर्भातील साठा घटतो या सबबीवर १९२६ पासून मिळत आलेली करातील घसघशीत सूटही चालूच होती. मोठ्या कंपन्यांची ही सूट १९७५ मध्ये काढून घेतली गेली, हे न्यायाचेच झाले.

तथापि सर्वांत मोठा दोष मी अमेरिकी शासनाच्या माथी ठेवतो. १९७४ च्या जानेवारीत सिनेटर हेन्री जॅक्सन यांच्या समितीने कंपन्यांच्या अधिकाऱ्यांना जाब विचारला खरा, परंतु तेलसाठ्याच्या माहितीसाठी सरकार बहुतांशी तेलधंद्याच्याच आकड्यांवर विसंबून होते. आणि आरोपीच्याच दप्तरावरून निवाडा करावयाचा, तर तो न्याय कसला? ऊर्जेची स्वतंत्र मोजदाद ठेवणारे सरकारी खाते तेथे १९७७ साली निर्माण झाले.

हा धडा आपल्यालाही लागू आहे: आपल्या भारत देशात पंपावरील दरात केंद्राचे अबकारी शुल्क आणि राज्याचा कर हेही अंतर्भूत असल्याने शासन स्वतःच या व्यवहारातील एक पक्षकार आहे. म्हणून ग्राहकाच्या प्रत्येक रुपयातील किती अंश उत्पादक राष्ट्राला, किती शुद्धीकरण कारखान्याला, किती विक्रेत्याला आणि किती सरकारी खजिन्याला जातो, याचा तपशीलवार हिशेब मागणे हा नागरिकाचा हक्क आहे, आणि तो हिशेब हाती आल्यावाचून कोणाही एकावर दोषारोप न करणे हे त्याचे कर्तव्य आहे.