करकर ऐकली की गाडी थांबवा
(मासिक सभेतील मनोगत)

तायांनो, आपली पिकअप भाजी घेऊन बाजाराला जाते. ब्रेक दाबला की आधी चीं चीं वाजायचं, मग करकर सुरू झाली. "एवढी खेप होऊ दे," असं मीच म्हणाले. चूक माझी.

चीं चीं म्हणजे पॅड संपत आलं. करकर म्हणजे पॅड संपून लोखंड डिस्कवर घासतंय. चाक खोललं तर डिस्कवर खोल चरे! पॅडबरोबर डिस्कही बदलावी लागली.

पॅड ३ मिलिमीटरवर आलं की दोन्ही चाकांची जोडीनं बदला. एकाच बाजूचं जास्त झिजलं असेल, तर कॅलिपरची पिन अडकली का ते मेकॅनिकला बघायला लावा. मागचे लायनर, ब्रेक ऑइलही तपासून घ्या. तारीख वहीत लिहा.

खेप उद्याही होईल. गाडीवर आपल्याच गावचं पोरगं असतं.