डॉक्टरांची शिल्लक

वर्धा जिल्ह्यात पुलगावला लागूनच नाचणगाव आहे. अशा गावांत स्वतःचा दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टर मंडळींशी आज चार शब्द बोलायचे आहेत. विषय औषधाचा नाही, पैशाचा आहे.

आपल्याकडे डॉक्टरची मिळकतही पिकाच्या हंगामावर चालते. "साहेब, कापूस निघाला की देतो," म्हणणारा रोगी दिवाळीनंतर पैसे आणून देतो. पण श्रावणात गल्ला रिकामाच! त्यातून डॉक्टर कमवायला लागतो उशिरा. एम.बी.बी.एस.ची इंटर्नशिपसह साडेपाच वर्षे, पुढे पदव्युत्तर शिक्षणाची तीन. आणि खाजगी दवाखान्याला पेन्शन नाही. हात थांबला, की मिळकत थांबली. सत्तरी उलटल्यावरही जो रोज दवाखाना उघडतो, तो केवळ सेवाभावानेच उघडतो असे समजू नका.

तेव्हा पहिली गोष्ट, दवाखान्याचा गल्ला आणि घरचा खिसा वेगळा ठेवा. वर्षाच्या मिळकतीतून भाडे, कंपौंडरचा पगार, औषधे, कर्जाचा हप्ता आणि कर वजा करा. उरेल त्याला बाराने भागा. तोच तुमचा महिन्याचा पगार. सुगीतही त्याहून अधिक उचलू नका.

दुसरी गोष्ट, या पगारातून शिल्लक आधी काढा, खर्च मागाहून. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीची योजना १९६८ सालची. मुदत १५ वर्षे, पुढे पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. वर्षाला दीड लाखापर्यंत भरता येतात, आणि कर्जापोटी त्यावर कोर्टाची जप्ती येत नाही. दवाखान्यासाठी कर्ज काढणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

आता हिशेब पाहा. दरसाल १ लाख २० हजार भरले आणि व्याज सरासरी ७ टक्के पडले असे धरू. ३० वर्षांत ३६ लाख भरून सुमारे १ कोटी १३ लाख होतात. दहा वर्षे उशिरा लागणारा २४ लाख भरतो, आणि त्याच्या हाती येतात सुमारे ४९ लाख. भरणा १२ लाखांनी कमी, पण पदरात ६४ लाख कमी!

मात्र महागाईही चक्रवाढीनेच चढते. ती ६ टक्के राहिली, तर बारा वर्षांत भाव दुप्पट. म्हणून शिल्लकेचा काही भाग म्युच्युअल फंडामार्फत निरनिराळ्या कंपन्यांच्या शेअर्समध्ये, दहा-पंधरा वर्षांच्या बोलीने असू द्यावा. बाजार कधी कोसळेल. घाबरून काढून घेऊ नका. एका रात्रीच्या तापाने रोगी औषध बदला म्हणाला, तर तुम्ही कुठे ऐकता?

यात रोग्याचेही हित आहे. ज्याच्या म्हातारपणाची तजवीज झाली, त्या डॉक्टरला नको ती तपासणी लिहून देण्याचा मोह होत नाही, आणि दारी आलेल्या शेतकऱ्याला तो मोकळ्या मनाने म्हणू शकतो, "आधी बरा हो. पैसे कापूस निघाल्यावर दे."